धाप, दमा आणि पंप

दौंड-मनमाड मार्गावर बेलापूरचे तिकीट काढलेला नवखा प्रवासी गाडीतून उतरतो, फलाटावरची ‘बेलापूर’ ही पाटी वाचतो, बाहेर येतो आणि श्रीरामपूरच्या बाजारपेठेत जाऊन उभा राहतो. बेलापूर गाव तिथून काही किलोमीटर लांब, प्रवरेच्या काठी. रेल्वे आली तेव्हा आसपासचे नाव घेण्याजोगे गाव बेलापूर होते. पुढे स्टेशनाभोवती श्रीरामपूर वाढले, पाटी मात्र होती तिथेच राहिली. जुनी माणसे ज्या साखर कारखान्याला आजही ‘बेलापूर कंपनी’ म्हणतात, तो तर हरेगावात. नवी मुंबईतल्या बेलापूरचा घोळ आणखी निराळा. या भागातल्या माणसाला पाटीवरचे नाव एक आणि प्रत्यक्षातले गाव दुसरे, याची सवय आहे.

पळाल्यावर, खेळल्यावर, जिना चढल्यावर श्वास अडतो तेव्हाही पाटी एकच असते : ‘धाप लागली’. त्या पाटीमागे असू शकणारी गावे मात्र पुष्कळ. कुणाच्या अंगात रक्त कमी असते, कुणाच्या हृदयाची झडप बिघडलेली असते. कुणाला नुसता सराव नसतो. कुणाचे स्वरयंत्र जोरात श्वास घेताना उघडण्याऐवजी मिटते. आणि कुणाच्या श्वासनलिका, एरवी अगदी ठणठणीत असलेल्या, व्यायामानंतर पाच-दहा मिनिटांनी आकसतात. प्रस्तुत पुस्तक या शेवटच्या गावाबद्दल आणि तिथे चालणाऱ्या औषधांबद्दल आहे.

नोव्हेंबर उजाडला, गळीत हंगाम सुरू झाला, की या पट्ट्यातली पहाट ओळखीची असते. पाटाच्या भरावावरून पोलीस भरतीची पोरे-पोरी पळत असतात. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे. हवेत बोचरी थंडी, शेजारच्या फडात पेटवलेल्या पाचटाचा धूर, उसाच्या ट्रॉल्यांनी उडवलेला फुफाटा आणि कडेला मातलेले गाजरगवत. अशा वेळी एखादा मुलगा बरोबरीच्यांना मागे टाकून अंतर पूर्ण करतो, घड्याळ पाहून खूशही होतो. मग थांबल्यावर तीन-चार मिनिटांनी गुडघ्यांवर हात टेकून वाकतो. कोरडा खोकला सुरू होतो, छाती आवळते, कान जवळ नेला तर सुईसुई ऐकू येते. सोबतचे म्हणतात, ‘स्टॅमिना नाही रे तुझा, गूळ-शेंगदाणे खात जा.’ अर्ध्या तासात तो हसतखेळत सायकलवर बसून घरी जातो. दुपारी दवाखान्यात गेलाच, तर डॉक्टरांच्या नळीला छाती स्वच्छ लागते. असा लबाड आजार सापडायचा तर नळी पाटावरच न्यायला हवी.

साध्या धापेतला आणि दम्यातला फरक जुन्या वैद्यांनीही टिपला होता. आयुर्वेदात श्वासाचे पाच प्रकार सांगितले आहेत : महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास. श्रमाने लागतो तो क्षुद्रश्वास, आणि सुश्रुताने त्याची खूण अशी दिली आहे की माणूस खाली बसला की तो शमतो. ढगाळ हवेत आणि थंडीत बळावणारा, रुग्णाला आडवे होऊ न देणारा तो तमकश्वास, म्हणजे आपला दमा. भरावावरच्या मुलाची अडचण या दोहोंच्या मधली आहे. श्रमाने सुरू झालेला त्याचा श्वास बसल्यावर शमत नाही, उलट बसल्यावरच चढतो. साध्या धापेपासून हा आजार ओळखायला आजही याहून सोपी खूण नाही.

पश्चिमेकडे, सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात कॅपॅडोशियाच्या ॲरिटियस या वैद्याने पळण्याने आणि कसरतीने होणाऱ्या श्वासकष्टाला दम्यात जागा दिली होती. इंग्लंडमधल्या जॉन फ्लॉयर या डॉक्टरने १६९८ साली दम्यावर ग्रंथ लिहिला. तो स्वतः दमेकरी होता, त्यामुळे व्यायामाबद्दल त्याने लिहिले ते अंगावर काढून लिहिले. पण मोजमापाला सुरुवात व्हायला विसावे शतक उजाडावे लागले. १९६२ साली आर. एस. जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दमेकरी मुलांना पळवून त्यांची फुंकर मोजली. एक-दोन मिनिटांच्या धावेने नलिका उलट थोड्या रुंदावल्या, आठ-बारा मिनिटांच्या सलग धावेने मात्र आकसल्या. खो-खोतला खेळाडू झेप घेतो, खो देतो आणि बसतो, त्याला त्रास कमी का व्हावा आणि लांब पल्ल्याच्या धावपटूला जास्त का, याचे उत्तर तिथे मिळाले.

आकसण्याच्या कारणावरून पुढे दोन तट पडले. निवांत बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा घेतो, तर जोरात पळणारा तरुण शंभर लिटरच्या पुढे जातो. एवढी हवा नाकाच्या अरुंद वाटेने जाणे शक्य नसते, म्हणून तोंड उघडते. नाक हवा गरम करते, ओली करते, गाळते. तोंड यातले फारसे काही करत नाही. अमेरिकेतल्या मॅकफॅडन यांच्या गटाचे म्हणणे असे, की या थंड हवेने नलिका गारठतात आणि पळणे थांबल्यावर झपाट्याने पुन्हा तापतात, तेव्हा त्यांच्या भिंतीतल्या रक्तवाहिन्या फुगतात. ऑस्ट्रेलियातल्या सँड्रा अँडरसन यांनी वेगळे सांगितले : मुद्दा थंडीचा नाही, पाणी उडून जाण्याचा आहे. नलिकांवरचा ओलावा वाळतो, उरलेल्या पातळ थरात क्षार दाटतात, आणि त्या खारटपणाने चिडलेल्या पेशी हिस्टामिन, ल्युकोट्राइन, प्रोस्टाग्लँडिन अशी रसायने सोडतात. स्नायू आवळतात ते या रसायनांनी. आज पारडे अँडरसन यांच्या बाजूला झुकलेले आहे. हा वाद केवळ प्रयोगशाळेचा नव्हता. वाळणे हे कारण मानले की कोरड्या हवेत नाका-तोंडावर गुंडाळलेल्या मफलरलाही उपचाराचा दर्जा मिळतो. आणि प्रत्येक औषध या साखळीची नेमकी कोणती कडी तोडते, तेही सांगता येते.

औषधांच्या इतिहासाचा एक धागा भारतातून निघतो. दक्षिणेत धोतऱ्याचा धूर ओढून दमा उतरवण्याची रीत होती. ती पाहून १८०२ च्या सुमारास जनरल जेंट नावाच्या अधिकाऱ्याने हे ज्ञान मद्रासहून ब्रिटनला नेले आणि पुढची शंभराहून अधिक वर्षे युरोपात धोतऱ्याच्या सिगारेटी दम्यावर विकल्या गेल्या. धोतऱ्यातले ॲट्रोपीन नलिका सैल करते, पण त्याच्याबरोबर तोंड कोरडे पडणे, नजर धूसर होणे आणि भ्रमही येतो. त्याचे सुधारलेले वंशज म्हणजे आजचे इप्राट्रोपियम. आपल्या अडुळशाचीही अशीच वाट झाली. त्यातल्या व्हॅसिसिनवरून ब्रोमहेक्झिन तयार झाले आणि आज ते खोकल्याच्या बाटल्यांत सापडते. ते कफ पातळ करते, धावपटूच्या आवळलेल्या नलिकेला त्याचा उपयोग नाही. अडुळशाचे नाव काढले की दमा गेलाच असे समजणाऱ्यांनी हा भेद ध्यानात ठेवलेला बरा.

चीनमधल्या मा-हुआंग वनस्पतीतून नागाई नागायोशी या जपानी शास्त्रज्ञाने १८८५ साली एफेड्रिन वेगळे काढले. चहाच्या पानांतून आल्ब्रेख्त कोसेल यांनी १८८८ साली थिओफायलिन मिळवले. त्याचे भाऊबंद आपल्याकडे डेरिफायलिन या नावाने तीन पिढ्यांना ठाऊक आहे, आणि खेडोपाडीच्या दवाखान्यात दम्याचे इंजेक्शन म्हणजे तेच असे समीकरण दीर्घकाळ होते. ही औषधे गुणकारी होती, पण आडदांड. पोटातून किंवा शिरेतून गेल्यामुळे ती सगळ्या अंगभर फिरत : छातीत धडधड, हाताला कंप, रात्री झोप नाही. दुखणे छातीत असताना औषध थेट छातीतच का धाडू नये?

हा प्रश्न एका तेरा वर्षांच्या मुलीने विचारला. १९५५ साली अमेरिकेतल्या रायकर कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या दमेकरी मुलीने वडिलांना म्हटले, की केसांवर मारायचा फवारा डब्यातून येतो तसे माझे औषध का येत नाही. १९५६ साली मोजका फवारा देणारा पहिला पंप बाजारात आला. काचेचे फुगे आणि रबरी गोळे घेऊन फिरणाऱ्या रुग्णांना तो चमत्कार वाटला असणार. त्यात सुरुवातीला आयसोप्रिनालीन आणि ॲड्रिनलिन होते. ती नलिकांबरोबर हृदयालाही चाबूक मारत. १९६० च्या दशकात इंग्लंडसह काही देशांत दम्याचे मृत्यू अचानक वाढले आणि संशयाची सुई जास्त ताकदीच्या आयसोप्रिनालीन पंपांकडे वळली. दम्याच्या रुग्णाला नुसती तात्पुरती सुटका देत राहिले तर आतला आजार गुपचूप वाढतो, हा धडा तेव्हाच समोर आला होता. तो गिरवायला पुढची पन्नासहून अधिक वर्षे लागली.

औषधशास्त्रज्ञ डेव्हिड जॅक यांच्या चमूने १९६६ साली सालब्युटामॉल बनवले आणि १९६९ मध्ये ते विक्रीला आले. हृदयाला फारसे न छेडता नलिका सैल करणारे हे औषध. आपल्याकडे ‘अस्थालिन’ हे त्याचे व्यापारी नाव इतके रुळले आहे, की मेडिकलच्या काउंटरवर ‘निळा पंप द्या’ एवढे म्हटले तरी पुरते. धावण्याआधी दहा-पंधरा मिनिटे घेतले तर पुढचे दोन-तीन तास ते बहुतेकांना चांगले संरक्षण देते, आणि व्यायामाच्या त्रासावर आजही पहिले नाव त्याचेच निघते. त्याची खोट अशी, की रोज घेत राहिले तर संरक्षण पातळ होत जाते.

याच काळात रॉजर अल्टुनियन यांची गोष्ट घडली. अलेप्पोत वाढलेल्या या डॉक्टरच्या लहानपणावरून आर्थर रॅन्समने आपल्या ‘स्वॅलोज अँड ॲमेझॉन्स’ या बालकादंबरीतला रॉजर रंगवला होता. पुढे हा रॉजर दमेकरी निघाला. इजिप्तकडच्या खेल्ला वनस्पतीतल्या खेलिन या द्रव्यावरून तयार केलेली रसायने तो स्वतःवर तपासत असे. आधी रसायन हुंगायचे, मग गिनिपिगच्या केसांचा अर्क हुंगून मुद्दाम दमा ओढवून घ्यायचा आणि फुंकर मोजायची. शेकडो वेळा असे करून १९६५ साली हाती आले ते क्रोमोग्लायकेट. हे औषध दमा सुरू झाल्यावर काही करत नाही, पण आधी घेतले तर पेशींना रसायने सोडूच देत नाही. अल्टुनियन युद्धकाळात वैमानिक होते, म्हणून पूड ओढायच्या त्यांच्या यंत्रात विमानाच्या पंख्यासारखा पंखा फिरत असे. ताकदीने हे औषध सालब्युटामॉलपेक्षा कमी, त्यामुळे पुढे मागे पडले. तरी व्यायामाच्या दम्याला व्यायामाआधीच अडवायचे, हा विचार त्याने पक्का केला.

१९७२ च्या सुमारास ओढून घ्यायचे स्टेरॉइड आले आणि विचाराचा दुसरा पंथ उभा राहिला. पहिल्या पंथाच्या लेखी दमा म्हणजे आवळलेला स्नायू, तो सैल केला की झाले. दुसऱ्याच्या लेखी दमा म्हणजे नलिकांच्या अस्तराची सूज. स्नायू आवळतो ते सुजलेले अस्तर चिडते म्हणून, तेव्हा सूज उतरवा. बेक्लोमेथासोन, ब्युडेसोनाइड, फ्लुटिकासोन ही या पंथाची औषधे. ती धावण्याआधी पंधरा मिनिटे घेऊन उपयोग नसतो. रोज घेत राहिले तर दोन-चार आठवड्यांत फरक दिसू लागतो, आणि मग धावल्यावरची घसरणही कमी होते. ‘स्टेरॉइड’ या शब्दाने घरोघरी घाबरगुंडी उडते. पंपातली मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि गोळीच्या तुलनेत तिच्यातले फार थोडे अंगभर फिरते, हे सांगायला कोणी वेळ काढत नाही. उलट, भरतीच्या आठ दिवस आधी कोणाच्या तरी सल्ल्याने स्टेरॉइडच्या गोळ्या गिळणारी मुले निर्धास्त असतात.

नंतरच्या दशकांत लांब टिकणारी सालमेटेरॉल आणि फॉर्मोटेरॉल आली. यातले फॉर्मोटेरॉल काही मिनिटांत काम सुरू करते, सालमेटेरॉलला अर्धा तास लागतो. दोन्ही एकटी, स्टेरॉइडशिवाय वापरणे धोक्याचे ठरले. १९९८ साली अमेरिकेत मंजूर झालेल्या माँटेलुकास्टने ल्युकोट्राइनची कडी तोडली. ही गोळी धावण्याआधी निदान दोन तास घ्यायची, संरक्षण दिवसभर राहते आणि रोज घेऊनही ते पातळ होत नाही. मात्र काहींना तिच्याने वाईट स्वप्ने पडतात, चिडचिड होते, मन खचते. मार्च २०२० मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने तिच्या वेष्टनावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. आपल्याकडे हीच गोळी ॲलर्जीच्या गोळीशी जोडून साध्या सर्दीवर सर्रास दिली जाते आणि तो इशारा बहुतेक पालकांपर्यंत पोहोचलेला नसतो.

मोठे वळण २०१९ साली आले. दम्याच्या उपचारांसाठी जगभर प्रमाण मानल्या जाणाऱ्या ‘गिना’ या संघटनेने सांगितले, की मोठ्यांना आणि किशोरवयीनांना नुसता सालब्युटामॉलचा पंप देऊन सोडू नये, त्यासोबत स्टेरॉइड हवेच. तेव्हापासून ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप गरजेप्रमाणे किंवा व्यायामाआधी घेण्याची पद्धत पुढे आली. आराम देणारे आणि सूज उतरवणारे औषध एकाच दाबात मिळते, म्हणजे रुग्ण दुसरे औषध ‘विसरण्याची’ सोयच उरत नाही. २०२३ साली अमेरिकेत सालब्युटामॉल आणि ब्युडेसोनाइड एकत्र असलेला पंपही मंजूर झाला. दोन पंथांचा समेट झाला तो असा, एका डबीत. पुस्तकाचा कलही इकडेच आहे आणि तो लपवलेला नाही.

मैदानाच्या बाजूने पाहिले तर या औषधांची आणखी एक कथा दिसते. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये रिक डिमाँट या सोळा वर्षांच्या अमेरिकी जलतरणपटूने ४०० मीटर फ्रीस्टाइल सेकंदाच्या शंभराव्या भागाने जिंकली आणि त्याचे पदक काढून घेण्यात आले. दम्यासाठी घेतलेल्या औषधात एफेड्रिन होते. आपण घेत असलेली औषधे त्याने अर्जात आधीच लिहून दिली होती, ती तपासून पाहण्याचे काम संघाच्या डॉक्टरांचे होते. पुढच्याच वर्षी बेलग्रेडच्या जागतिक स्पर्धेत हे अंतर चार मिनिटांच्या आत पोहणारा तो पहिला माणूस ठरला. त्याने औषधे आधी कळवली होती, हे त्याच्या देशाच्या ऑलिंपिक समितीने मान्य केले ते २००१ साली.

अमेरिकेने त्यानंतर १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकआधी आपल्या सगळ्या संघाची तपासणी केली. ५९७ खेळाडूंपैकी ६७ जणांना व्यायामाने श्वासनलिका आकसण्याचा त्रास निघाला. त्या ६७ जणांनी मिळून ४१ पदके आणली. ‘दमा आहे, पोराला खेळू देऊ नका’ म्हणणाऱ्या घराला दाखवण्यासारखा दुसरा आकडा शोधूनही मिळणार नाही. पॉला रॅडक्लिफने २००३ साली महिलांच्या मॅरेथॉनचा २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांचा विक्रम केला, तोही पंप सोबत ठेवूनच.

आज उत्तेजकविरोधी जागतिक संस्था ‘वाडा’चे नियम ओढून घ्यायच्या सालब्युटामॉलला परवानगी देतात, पण २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅमपर्यंत आणि कोणत्याही आठ तासांत ६०० च्या आत. एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम असतात, म्हणजे खऱ्या गरजेला ही मर्यादा पुरून उरते. पोटातून घ्यायची सालब्युटामॉलची गोळी मात्र सरसकट बंद. ती चार मिलिग्रॅमची असेल तर तिच्यात चाळीस फवाऱ्यांचे औषध असते, आणि छातीत पोहोचते ते सगळे अंग फिरून. सायकलपटू क्रिस फ्रूमच्या लघवीत २०१७ साली सालब्युटामॉल मर्यादेच्या दुप्पट सापडले. बरीच वादावादी होऊन जुलै २०१८ मध्ये प्रकरण मिटले आणि त्याला शिक्षा झाली नाही. जिल्हा पातळीवरून राज्य पातळीवर जाणाऱ्या आपल्या खेळाडूंना या नियमांची गरज लवकरच पडते, आणि बहुतेकांना ते कळतात ते बक्षीस हुकल्यावर.

आता घरच्या अंगणात यावे. २०१९ च्या जागतिक रोगभार अंदाजांनुसार भारतात दम्याचे सुमारे साडेतीन कोटी रुग्ण आहेत. ही संख्या जगाच्या तेरा टक्क्यांच्या आसपास भरते, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंत आपला वाटा चाळीस टक्क्यांहून जास्त आहे. औषध नाही म्हणून हे होते म्हणावे, तर सालब्युटामॉल आणि ब्युडेसोनाइड दोन्ही राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत, आणि मुंबईच्या सिप्लासारख्या कंपन्यांनी पंप आणि रोटाकॅप (रोटाहेलर या यंत्रातून ओढायची पुडीची कॅप्सूल) खेड्यातल्या मेडिकलपर्यंत नेले आहेत. याच भागातल्या लोणीला १९८४ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. पुण्यात चेस्ट रिसर्च फाउंडेशनसारखी श्वसनरोगांवर संशोधन करणारी संस्था आहे. अडते ते दुकान आणि छाती यांच्या मधल्या अंतरात.

त्या अंतरात काय काय असते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. ‘पंप लागला की सुटत नाही’ हे वाक्य पहिले. मुलीचे लग्न जमायचे आहे, म्हणून पंप उशाखाली. कोजागिरीच्या रात्री खिरीतून दिले जाणारे दम्याचे औषध घेण्यासाठी लोक गावे पालथी घालतात, मृग नक्षत्रावर हैदराबादला जिवंत मासा गिळून येतात, आणि येताना दम्याची चिठ्ठी वर्षभरासाठी फाडून टाकतात. त्यातून जो पंपापर्यंत पोहोचला, त्याच्या हातात तो बरेचदा अत्तराच्या फवाऱ्यासारखा चालतो : तोंड उघडले, दोनदा फुस्स केले, औषध जिभेवर आणि टाळूवर. दवाखान्यात एकदा करून दाखवायला दोन मिनिटे लागतात. आधी डबी हलवायची, श्वास पूर्ण सोडायचा, पंपाच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटायचे, हळू श्वास ओढायला लागतानाच कळ दाबायची, ओढत राहायचे आणि मग दहापर्यंत आकडे मोजत श्वास धरायचा. रोटाकॅपचे नेमके उलटे. तिथे पूड उडवायची असल्याने श्वास जोरात आणि झटकन ओढावा लागतो. पंपाची सवय झालेला रोटाहेलर हळू ओढतो, रोटाहेलरची सवय झालेला पंप जोरात ओढतो, आणि दोघेही ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून डॉक्टर बदलतात. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरायची असते, हे तर शंभरातल्या किती जणांना कोणी सांगितलेले असते, कोण जाणे.

औषधाविना उपायांचा पंथही पुस्तकात आहे, आणि तो शेपटीला चिकटवलेला नाही. धावण्याआधी दहा-पंधरा मिनिटे मध्येमध्ये छोट्या झेपा घेत अंग तापवले, तर पुढचा तासभर किंवा जास्त वेळ नलिका कमी आकसतात. हा फायदा मोजलेला आहे आणि तो फुकट आहे. तोंडावरचे फडके थंड-कोरड्या हवेत खरेच मदत करते. प्राणायामाबद्दल दावे अफाट आणि मोजमापे मोजकी आहेत. लोणावळ्याच्या कैवल्यधामने १९२४ पासून योग प्रयोगशाळेत आणला, त्या परंपरेतला सबुरीचा सूर पुस्तकाने उचलला आहे : मनाची घाबरगुंडी आणि श्वासाची लय यांवर फायदा मान्य, पंपाऐवजी मात्र नाही. जीवनसत्त्व ‘क’ आणि माशाच्या तेलाचे पुरावे तुटपुंजे आहेत, त्यांच्यावर पाने खर्च केलेली नाहीत.

असे पुस्तक आत्ताच का, याचे उत्तर पाटाच्या भरावावरच आहे. दहा-पंधरा वर्षांपूर्वी गावात पहाटे पळणारे हातावर मोजण्यासारखे होते. आता पोलीस भरती, अग्निवीर, तालुक्या-तालुक्यांतल्या मॅरेथॉन यांमुळे शेकडो मुले-मुली, आणि त्यांच्या मागोमाग मधुमेहाच्या भीतीने चाळिशीतली माणसे, वर्षातल्या सर्वांत थंड, सर्वांत कोरड्या आणि सर्वांत धुरकट महिन्यांत छाती फुटेस्तोवर पळतात. सोळाशे मीटरमध्ये दहा सेकंदांनी नोकरी जाते. ज्याच्या नलिका आकसतात त्याचे हे दहा सेकंद आळसाच्या खात्यावर लिहिले जातात, आणि बऱ्याचदा लिहिणारा तो स्वतःच असतो.

म्हणून या पुस्तकाने मोजण्याला औषधाच्याही आधी बसवले आहे. सहा-आठ मिनिटे दमदार धाव, आणि त्याआधी व नंतर पाच, दहा, पंधरा मिनिटांनी पहिल्या सेकंदातली फुंकर. ती दहा टक्के किंवा जास्त घसरली तर शंका खरी. गावात स्पायरोमीटर नसेल तर साध्या पीक फ्लो मीटरवर निदान अंदाज बांधता येतो आणि तो कागद घेऊन डॉक्टरकडे जाता येते. पंप घेऊनही फुंकर सुधारत नसेल, श्वास सोडताना नव्हे तर आत घेताना घशाशी आवाज येत असेल, तर गाडी चुकीच्या स्टेशनात उभी आहे. तिथे पंपांची संख्या वाढवून काही होत नाही, घसा पाहणाऱ्या डॉक्टरकडे जावे लागते. छातीत दुखणे, चक्कर येऊन पडणे, ओठ निळे होणे यांना तर या पुस्तकाची वाट पाहायचीच नाही, थेट रुग्णालय गाठायचे.

पुढच्या पानांवर औषधे गुणानुक्रमाने लावलेली नाहीत. ती घड्याळाप्रमाणे लावली आहेत : कोणते महिनाभर आधी सुरू करायचे, कोणते दोन तास आधी, कोणते पंधरा मिनिटे आधी, आणि कोणते अडचण आल्यावर. लेखकांचा हा निर्णय नेहमीच्या औषधशास्त्राच्या पुस्तकांपेक्षा वेगळा आहे आणि जाणकारांना तो खटकूही शकेल, कारण एकच औषध त्यामुळे दोन-तीन ठिकाणी येते. पण क्रीडाशिक्षक, भरतीची अकादमी चालवणारा माजी सैनिक, रोज डबा बांधून देणारी आई यांच्या हातात घड्याळच असते. वयाप्रमाणे नेमकी मात्रा कुठेही छापलेली नाही, ती चिठ्ठीवर यावी लागते. व्यापारी नावे मात्र दिली आहेत, कारण ‘सालब्युटामॉल’ कोणी मागत नाही. मोजमापाचे कोष्टक आणि पंप ओढण्याची चित्रे पुस्तकाच्या शेवटी सुट्या पानांवर आहेत. त्यांना कडेला छिद्र पाडून ठेवले आहे, म्हणजे ती काढून मैदानाच्या खोलीत खिळ्याला अडकवता येतील.